बुडबुडे थांबेपर्यंत

१

सायकलवाल्याला झाडांमधलं काही कळत नव्हतं आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती. ज्याला चाक नाही त्यात आपण डोकं घालायचं नाही, असा त्याचा साधा खाक्या होता. त्याच्या बायकोला मात्र एका झाडातलं सगळं कळायचं. ते झाड म्हणजे वीतभर उंचीचं बुटकं डाळिंब. खोड पिळलेलं, बुंधा म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासारखा, आणि कुंडी जेवणाच्या ताटाएवढी पसरट. त्या एवढ्याशा मातीत ते असं ऐटीत उभं असायचं की पाठीमागे अख्खं रान आहे असं वाटावं.

कोपऱ्यावरचा घड्याळवाला दुकान बंद करून गाव सोडून गेला, तेव्हा जाताजाता त्याने ते तिच्या हातात ठेवलं होतं. "सांभाळा," एवढंच म्हणाला. त्याला धाप लागली होती. पण तो सकाळपासून सामान हलवत होता, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तेव्हापासून झाडाचं पाणी तिच्याकडे. खाली सायकलचं दुकान, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक अरुंद न्हाणीघर. त्या न्हाणीघरात ती लाकडी पाटावर बसायची, समोर पाण्याने भरलेलं घमेलं, घमेल्यात कुंडी, आणि बाईसाहेब एक हात पाण्यात सोडून तासन्‌तास तिथेच. तो जेवायला वर आला की दारातून विचारायचा, "झाडाला पाणी घालतेयस की आंघोळ?"

"तुम्ही नाही का ट्यूबला आंघोळ घालत?" ती म्हणायची.

यावर त्याला बोलायला जागा नव्हती, कारण ते घमेलं मुळात त्याचंच होतं. पंक्चर शोधायचं जुनं घमेलं, कडेला पोचा आलेलं. तिने ते कधी वर पळवलं हे त्याला नवीन घमेलं विकत आणेपर्यंत कळलंच नव्हतं.

आता ती अंथरुणाला खिळली होती. छातीचं दुखणं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं थकली आहेत. आता जितकं चालेल तितकं. त्यांनी ते हलक्या आवाजात, जिन्यात उभं राहून सांगितलं, आणि सायकलवाल्याने मान हलवली. मग तो खाली जाऊन एक चांगलं घट्ट बसवलेलं चाक उगीचच पुन्हा उघडून बसला. चाळीसेक वर्षांचा संसार होता. तिच्याशिवाय घर कसं असतं हे त्याला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

तर अशा रीतीने झाडाचं पाणी त्याच्याकडे आलं.

२

"आधी मातीत बोट घाला," ती उशांच्या ढिगाला टेकून म्हणाली.

"किती खोल?"

"नख बुडेल इतपत. ओलं लागलं तर गप परत यायचं. कोरडं लागलं तरच पाणी."

"मग वरून ओततो की तांब्याभर."

"वरून ओतलं की पाणी कडेकडेने पळून जातं. मधली मुळं उपाशीच राहतात." ती थांबली. हल्ली तिला दोन वाक्यांच्या मधे थांबावं लागायचं. "घमेल्यात पाणी घ्या. कुंडी अलगद आत ठेवा. काठ बुडेल एवढं पाणी हवं. मग बुडबुडे येतील. मातीतली हवा असते ती. बुडबुडे थांबेपर्यंत हात लावायचा नाही. थांबले की समजायचं, पोट भरलं. मग उचलायची, तिरकी धरायची आणि निथळू द्यायची."

"एवढं तर मी आपल्या लेकीलासुद्धा कधी जेवू घातलं नाही."

"म्हणून तर ती माझ्या हातचं जेवली. आणि घाई करू नका. तुम्हाला सगळ्याची घाई."

"मला? गिऱ्हाईकं माझ्या दुकानात बसून म्हातारी होतात असं तूच सांगत असतेस सगळ्यांना."

ती हसली. हसण्याचा खोकला झाला आणि खोकला बराच वेळ थांबेना. तिला पाणी देताना त्याने ठरवलं की आता दिवसभर चेष्टा करायची नाही. ते त्याला जमलं नाही ही गोष्ट वेगळी.

त्या दुपारी त्याने सगळं तिने सांगितलं तसं केलं. बोट घातलं, कोरडं लागलं. घमेल्यात पाणी घेतलं, कुंडी बुडवली. आधी मातीतून चहूकडून बुडबुडे उसळले, मग कमी झाले, मग इथून एक तिथून एक असे चुकार येत राहिले. मग तेही थांबले. फक्त बुंध्याच्या मागच्या बाजूने, एक जाड मूळ मातीत शिरतं तिथून, बारीक बुडबुड्यांची एक माळ वर येत राहिली. तो थांबला. खालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवून हाका मारत होतं. तरी तो थांबून राहिला. माळ काही तुटेना.

"अगं, हे थांबतच नाहीत," तो तिथूनच ओरडला.

न्हाणीघर आणि तिची खोली यांच्यामध्ये एकच भिंत, आणि भिंतीत वरच्या बाजूला एक झडप. त्यातून इकडचं तिकडे सगळं ऐकू यायचं. 

"कुठून येतायत?" तिने शेवटी विचारलं.

"मागून. जाड मुळापाशी."

 मग ती म्हणाली, "असू दे. उचला आणि ठेवून द्या जागेवर. फार बघत बसू नका."

आत्ताच तर ही म्हणाली की थांबेपर्यंत हात लावायचा नाही. पण आजारी माणसाशी वाद कोण घालणार? त्याने कुंडी उचलली, तिरकी धरली, निथळवली आणि खिडकीत ठेवून दिली.

३

पुढच्या पाण्याच्या वेळी त्याने पाट ओढला आणि नीट बसूनच घेतलं. दुकानाचं शटर त्याने अर्धं खाली ओढून ठेवलं होतं. दुपारची वेळ, रस्ता सुस्तावलेला, नळाला एक थेंब लटकून राहिलेला. माती भिजली, चहूकडचे बुडबुडे थांबले आणि ती माळ उरली.

तो बघत राहिला. बघायला त्याला आवडायचंच. जन्मभर त्याने पाण्यात बुडवलेल्या ट्यूबा बघितल्या होत्या. कुठलं भोक खिळ्याचं, कुठलं काचेचं, कुठल्या ट्यूबचा वॉल्व गळतोय, हे बुडबुड्यांच्या चालीवरून त्याला सांगता यायचं. भोकाची चाल एकसारखी असते. हवा एका जोराने भरलेली असते, ती एका जोराने बाहेर येते.

ही माळ एकसारखी येत नव्हती. दोन लहान झुबके यायचे. मग काहीच नाही. मग एक लांब, सावकाश झुबका. पुन्हा दोन लहान. पुन्हा काहीच नाही.

ही चाल आपल्या ओळखीची आहे हे त्याला आधी कळलं, आणि कुठली ते मागाहून. वरच्या झडपेतून तिचा श्वास ऐकू येत होता. दोन आखूड, मग विसावा, मग एक लांब. गेले कित्येक आठवडे तो त्या श्वासाला कान लावून झोपत होता. तो चुकला की त्याला जाग यायची.

आता सायकलवाला तसा अडाणी भित्रेपणा करणाऱ्यातला नव्हता. भिंत एकच आहे, तो मनाशी म्हणाला. पलंग भिंतीला लागून आहे. ती श्वास घेते, पलंग हलतो, भिंत हलते, फरशी हलते, पाणी हलतं. त्याने घमेलं भिंतीपासून लांब, दाराशी ओढलं. खाली जुनं टायर घातलं. दोन आखूड, विसावा, एक लांब.

"अगं," त्याने हाक मारली. "जरा श्वास रोखून धर बघू."

"का हो?"

"नळात काहीतरी वाजतंय. ऐकू देत नाहीयेस."

"आता श्वासही घ्यायचा नाही का या घरात," ती म्हणाली, पण तिने धरला.

बुडबुडे थांबले. पाणी इतकं निवांत झालं की त्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो चेहरा त्याला काही आवडला नाही. मग झडपेतून तिचा सुस्कारा आला, आणि मुळापासून एक मोठा झुबका उसळून वर येऊन फुटला.

"सापडलं का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "योगायोग असेल."

"नळात?"

त्याने कुंडी उचलून निथळत धरली.

४

रात्रभर त्याने या गोष्टीचा विचार केला आणि सकाळी त्याला ती साधी वाटायला लागली. कारागीर माणसाचं असंच असतं. गोष्ट कितीही अचाट असो, ती दुरुस्तीची आहे असं ठरलं की त्याचा जीव भांड्यात पडतो.

पाण्यात घातल्याने ट्यूबला भोक पडत नाही. भोक असतंच, पाण्यात ते दिसतं एवढंच. म्हणजे तिचा श्वास कुठूनतरी गळत होता आणि गळतीची जागा त्याला सापडली होती. कशी, का, ते देवाला माहीत. गिऱ्हाईक ट्यूब घेऊन येतं तेव्हा खिळा कुठल्या रस्त्यावर लागला हे आपण थोडंच विचारत बसतो?

त्याने कुंडी पुन्हा बुडवली, बाही वर केली आणि मुळामागे हात घालून त्या जागी अंगठा टेकवला.

बुडबुडे थांबले. त्याने कान झडपेकडे लावला, तर तिकडेही काही ऐकू येईना. तो अंगठा काढणार एवढ्यात तिचा श्वास आला. लांब. मग दुसरा, तितकाच लांब. मधली ती धडपड गेली होती. असा श्वास त्याने गेल्या थंडीपासून ऐकला नव्हता. थोड्या वेळाने त्यात हलकं घोरणंही मिसळलं, आणि सायकलवाला पाटावर बसल्याबसल्या एकटाच हसला. एरवी तिच्या घोरण्यावरून त्याने तिला किती छळलं होतं.

मग सुरू झाली दुरुस्ती. त्याने मुळाचा भाग पुसून काचपेपरने अगदी अलगद खरवडला, सोल्यूशन लावलं, फुंकर मारून वाळवलं आणि नखाएवढा पॅच चिकटवला. त्याने लावलेला असा पॅच आजवर कधी निघाला नव्हता. पाण्यात ठेवल्यावर तो दोन श्वासांत सुटला आणि वर तरंगू लागला. मेण लावलं, मेण सुटलं. बूच घातलं, ते तर कुणीतरी आतून जिभेने ढकलून द्यावं तसं बाहेर आलं. जिवंत बोटाशिवाय तिथे काही टिकत नव्हतं.

ठीक आहे, सायकलवाला म्हणाला. बोट तर बोट.

५

दिवस बरे जायला लागले. दुपारी शटर अर्धं खाली, वर पाट, घमेलं आणि अंगठा. पाणी घालायचं नसेल त्या दिवशीही तो कुंडी मांडीवर घेऊन बसायचा आणि मुळावर अंगठा ठेवायचा. पण पाण्यात असलं की बुडबुडा सुटला तर लगेच दिसायचा, म्हणून पाणी बरं. बायको आधी उशा कमी करून झोपायला लागली. मग उठून बसायला लागली. मग एक दिवस तिने त्याच्या भाजीत मीठ नाही असं सांगितलं, आणि ती बरी होतेय याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "चांगलं आहे," ते म्हणाले, पण असे म्हणाले, जणू कुणीतरी त्यांची चूक काढली होती.

एक गोष्ट मात्र त्याने कुणाला सांगितली नाही. अंगठ्याखाली ओढ लागायची. पहिल्या दिवशी लागली तेव्हा त्याने चमकून हात काढला होता. मग सवय झाली. ओढ हलकी होती, तालात होती आणि तिला काही घाई नव्हती. मुलगी तान्ही असताना तो कामावरून आला की ती त्याचं बोट तोंडात धरायची, ग्रीस लागलेलं असो नसो, आणि बायको किंचाळायची. अगदी तसंच वाटायचं. आत जे काही होतं ते मऊ होतं. कोमट होतं. दात नसलेल्या हिरडीसारखं.

मुळालाही पाणी ओढावंच लागतं, तो स्वतःला समजवायचा. मुळांचं कामच ते.

आणि दुसरी गोष्ट सांगण्यासारखी नव्हतीच, ती वयाची होती. हातपंपाने टायर भरताना मधेच त्याला स्टुलावर बसावं लागायला लागलं. जिना चढताना वळणावर कठड्याला टेकावं लागायचं. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने त्याच्या हातातून पंप घेतला आणि म्हणाला, "उस्ताद, चाकात भरताय की चाकातून काढताय? हवा तुमचीच गेलीय." सगळे हसले. तोही हसला, आणि हसून झाल्यावर त्याला बराच वेळ काही बोलता आलं नाही.

मुलगी भेटायला आली ती आईला खुर्चीत बसलेली पाहून रडलीच. मग डोळे पुसून तिने घराचा ताबा घेतला, चादरी बदलल्या, डबे उघडून पाहिले आणि बापाकडे वळली.

"बाबा, तुम्ही किती वाळलात. तुम्हाला आईचंच करून पुरे होतं, वर या झाडाचं कुठे करत बसता? मी घेऊन जाते ते. माझ्या गॅलरीत छान ऊन आहे."

"नको," तो म्हणाला.

"नको," त्याच क्षणी खुर्चीतून बायको म्हणाली.

दोघांचे आवाज एकमेकांवर आदळले. मुलगी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. "बरं बाई, राहू दे. मी काही खाऊन टाकणार नव्हते ते," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. सायकलवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

६

ते "नको" त्याच्या डोक्यातून जाईना. त्याने का म्हटलं ते त्याला माहीत होतं. तिने का म्हटलं?

दुसऱ्या दिवशी तो दुकानातून छोटा आरसा वर घेऊन आला. दंतवैद्याकडे असतो तसा, लांब दांड्याचा. सायकलच्या पोटाखालचं बघायला त्याला लागायचा. आजवर त्याने ती जागा फक्त चाचपली होती. कुंडी कोरडीच होती. तिला उन्हात धरून त्याने आरसा मुळामागे सरकवला.

एक खळगा होता. त्याला वाटलं होतं तसा खरबरीत नव्हता. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. जुन्या सायकलीच्या मुठीवर वर्षानुवर्षं एकाच माणसाची बोटं पडली की जशी झीज होते, तशी. अंगठ्याच्या मापाची झीज. त्याने स्वतःचा अंगठा लावून पाहिला. त्याचा रुंद होता, दोन्ही बाजूंनी कडेवर यायचा. ही जागा लहान अंगठ्याने घडवली होती, आणि एका दिवसात घडवली नव्हती.

 आता त्याला ते आजारपण आठवलं. त्याचं स्वतःचं. केस अजून काळे होते तेव्हाचं, झाड घरात आल्यानंतरचं. छातीत पाणी झालं होतं, ओठ निळे पडत होते, आणि तेव्हाचे डॉक्टरही असंच जिन्यात उभं राहून हलक्या आवाजात बोलले होते. मग तो बरा झाला. का ते कुणाला कळलं नाही. बरा होताना पडल्यापडल्या त्याला झडपेतून पाण्याचा आवाज यायचा, आणि तो ओरडायचा, "झाडाला पाणी घालतेयस की आंघोळ?"

तेव्हापासून तिचं ते पाण्यात हात सोडून बसणं. वर्षंच्या वर्षं. आणि मग हळूहळू संपत आलेला तिचा दम.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात हलला, आरसा तिरका झाला आणि ऊन थेट खळग्याच्या आत गेलं. आत काहीतरी गुलाबी होतं. ओलं होतं. उजेड पडताच ते हळूच मिटलं.

त्याने आरसा खाली ठेवला. झाडाच्या फांदीवर, जिथे कधी काही धरलं नव्हतं, एक लालबुंद कळी आली होती.

७

"अंगठा दाखवा," संध्याकाळी बायको म्हणाली.

"कसला अंगठा?"

"तुमचा. उजवा."

त्याने हात पाठीमागे नेला, आणि आपण हे लहान मुलासारखं करतोय हे कळून पुढे आणला. तिने तो मांडीवर घेतला. चाळीसेक वर्षांत त्या हाताचं ग्रीस कुठल्याच साबणाने निघालं नव्हतं. आत्ताही चारही बोटं काळी होती, नखं काळी होती. अंगठा एकटाच स्वच्छ, पांढराफटक, सुरकुतलेला.

"मी लग्नात सांगितलं होतं, हात धुऊन या," ती म्हणाली. "तेव्हा नाही धुतलेत ते."

त्याला हसू आलं, पण दम पुरला नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तुझं कधीपासून?"

 ती त्याचा अंगठा आपल्या पदराने पुसत म्हणाली, "मी एकदा ते झाड गच्चीवर नेऊन ठेवलं होतं. म्हटलं जाऊ दे, वाळू दे. सकाळी उठले तर तुमचे ओठ शाईसारखे. पळत जाऊन आणलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला बसू दिलं नसतंत."

"नसतंच दिलं."

"मग?"

"मग आता तूही मला सांगू नकोस," तो म्हणाला. "तुझं झालं. आता माझं."

"तुमच्या वाटणीला कधी काही आलं की तुम्ही असेच. शेवटचा घास मला, चांगली खुर्ची मला." तिचा आवाज फाटला. "आणि मी काय करू त्या खुर्चीत एकटी बसून?"

  दोघांना एकच भीती होती आणि ती एकमेकांच्या नावाने होती. बराच वेळ ती त्याचा हात धरून बसली. मग नाक ओढून तिने निकाल दिला.

"पाळी लावू. एक दिवस तुमचा, एक दिवस माझा. ज्याचा अंगठा तो झोपून राहील, दुसऱ्याने स्वयंपाक करायचा."

"म्हणजे एक दिवसाआड अळणी भाजी," तो म्हणाला.

"खाईन मी," ती म्हणाली.

८

असा त्यांचा नवा संसार सुरू झाला, आणि तो वाईट नव्हता. ज्याचा दिवस असायचा त्याला दुसरा पाठीला उशी द्यायचा. एकाला दम लागला की दुसऱ्याला जिना चढता यायचा. तेवढ्यात बाजार, दुकान, औषध सगळं उरकायचं. एका माणसाच्या श्वासात दोघांनी भागवायचं एवढाच प्रश्न होता, आणि याहून कमीत त्यांनी दिवस काढले होते.

कळीचं फूल झालं. फुलाच्या मागे बारीक फळ धरलं. झाड कधी नव्हे एवढं तरारलं होतं, आणि कौतुक करावं की नाही ते दोघांनाही कळत नव्हतं. तरी ती करायचीच. "बघा कसं बाळसं धरलंय," ती म्हणायची आणि फळाकडे नेलेलं बोट एकदम मागे घ्यायची.

एका सकाळी ती पाण्याला बसली होती, आणि तो दाराला टेकून उभा होता. आज तिची पाळी. तिने मातीत बोट घातलं, कोरडं लागलं, कुंडी अलगद बुडवली. चहूकडचे बुडबुडे आले आणि गेले. ती अंगठा ठेवायला वाकली, आणि थांबली.

"अहो, इकडे या."

तो तिच्या शेजारी बसला. पाट एकच होता, म्हणून तो फरशीवर. मुळामागून बुडबुडे येत होते. लांब, सावकाश, भरलेल्या पोटाचे. पुन्हा लांब, पुन्हा सावकाश.

"तुमचे आहेत का?" तिने विचारलं. "माझे नाहीत हे. माझे दोन आखूड असतात."

"माझी चाल वेगळी. मला तर हल्ली चालच नाही." त्याने बघितलं. "आपण बोलतोय म्हणून कळत नसेल. दोघंही श्वास रोखू. ज्याचे असतील त्याचे थांबतील."

"माझ्याआधी सोडायचा नाही."

"तू नको लबाडी करूस."

दोघांनी एकमेकांकडे पाहून श्वास धरला. लहानपणी विहिरीत पैज लावतात तसे गाल फुगवून. तिचे डोळे हसत होते. मग त्यांनी पाण्याकडे पाहिलं.

बुडबुडे येत राहिले. लांब. सावकाश. लांब.

त्याचा हात आपोआप कुंडीकडे गेला, उचलून बाहेर काढायला, जिन्यावरून खाली, रस्त्यावर, कुठेही. तिने त्याचं मनगट धरलं. तोंड मिटलेलं ठेवूनच तिने मान हलवली. नको. तिने काय सांगितलं होतं ते त्याला आठवलं. बुडबुडे थांबेपर्यंत हात लावायचा नाही.

त्याने हात मागे घेतला आणि तिच्या हातात दिला. दोघं तसेच बसले. फांदीवरचं ते फळ बुडबुड्यांच्याच तालात अगदी हळू फुगत होतं आणि बसत होतं. खिडकीतलं ऊन सरकत घमेल्याच्या पोच्यापर्यंत आलं, मग पोचा ओलांडून भिंतीवर गेलं. खाली कुणीतरी घंटी वाजवून हाका मारल्या आणि कंटाळून निघून गेलं.

बऱ्याच वेळाने सायकलवाल्याच्या लक्षात आलं की आपण अजून श्वास घेतलेला नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिनेही घेतला नव्हता. श्वास घेत होतं ते झाड, दोघांच्या वाटचा. तिचा हात उबदार होता, चेहरा शांत होता आणि ती त्याच्याकडे बघून हसत होती. आणि घाई म्हणाल, तर जन्मात पहिल्यांदाच त्याला कसलीच घाई वाटत नव्हती.